चार बोटं पाणी

पाराकाकूंनी स्वेटरची बाही कोपराच्या वर सरकवली, हात टाकीत घातला आणि डोळे मिटले. सिमेंटची ती टाकी एखाद्या खोलीएवढी होती आणि तिच्यात भाताची रोपं गार पाण्यात ओळीने उभी होती. मी नोकरीला लागून तेव्हा चारच दिवस झाले होते. माझ्या हातात नवंकोरं डिजिटल थर्मामीटर होतं.

"एकोणीस," काकू म्हणाल्या. "थांब. एकोणिसाच्या जरा वर."

थर्मामीटरवर आकडा आला, एकोणीस पूर्णांक दोन.

काकूंनी वाकून तो वाचला आणि मान हलवली. "बरोबर दाखवतंय. ठेव, कामाचं आहे."

परीक्षा यंत्राची चालली होती, हे मला तेव्हा कळलं.

त्यांना पाराकाकू हे नाव का पडलं याबद्दल आमच्या भात संशोधन केंद्रात दोन मतं आहेत. त्या हाताने पाण्याचं तापमान सांगतात म्हणून, हे एक. कुणी लावलेल्या ओळीत पाय टाकला की त्यांचा पारा चढतो म्हणून, हे दुसरं. दोन्ही मतं खरी आहेत. पहिल्याच आठवड्यात माझा बूट ओळीत पडला, त्यामुळे मी खात्रीने सांगू शकते.

आमचं काम थोडक्यात असं. भात पोटरीला येतं, म्हणजे लोंबी अजून खोडाच्या पोटात असते आणि खोड जरासं फुगलेलं दिसतं. नेमकी तेव्हा चार-पाच दिवस थंडी पडली की आतले परागकण मरतात. बाहेरून काहीही कळत नाही. पीक हिरवंगार असतं, लोंबी वेळेवर बाहेर येते, वाऱ्यावर डोलते. महिन्याभराने दाणा नखाने दाबून बघावा, तर आत काहीच नाही. नुसता पोचट. अशी थंडी सोसून दाणा भरणारा वाण तयार करायचा, हे आमचं काम.

त्यात अडचण अशी की थंडी सगळीकडे एकाच वेळी आणि एकाच वाटेने येत नाही. आमची तीन शेतं आहेत. खालच्या सपाटीवरच्या शेतात रोपं कोवळी असतानाच थंडी पडते. केंद्रात, म्हणजे मधल्या शेतात, धरणाच्या तळाचं गार पाणी पाटातून येतं आणि मुळं गारठतात. डोंगरावरच्या शेतात हवाच गार होते, तीही बरोबर पोटरीच्या दिवसांत. एका ठिकाणी शूर ठरलेला वाण दुसऱ्या ठिकाणी मान टाकतो. हे गणित मी कॉलेजात दोन वर्षं शिकले होते. काकूंनी ते एका वाक्यात संपवलं.

"माणूस सासरी, माहेरी आणि कामावर सारखाच वागला तर त्याला चांगला म्हणायचं. एका घरी सगळेच गोड असतात."

एकतीस वर्षांपूर्वी काकू या केंद्रात रोजावर लावणी करायला आल्या. तेव्हा आमचे डॉक्टर, म्हणजे माणसांचे नव्हेत, भाताचे, तरुण होते आणि जाळीच्या खोलीत स्टुलावर बसून कात्री-चिमट्याने भाताची फुलं उघडत होते. भाताच्या एकाच फुलात नर आणि मादी दोन्ही असतात. दोन वाणांचा संकर करायचा तर एकाच्या फुलातला नर भाग अलगद काढून टाकावा लागतो आणि मग दुसऱ्याचा पराग त्यावर झटकावा लागतो. डॉक्टरांचा चष्मा घामाने सारखा घसरत होता.

"साहेब, भाताची हजामत करताय का?" दारातून काकूंनी विचारलं.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. काकूंनी पाच मिनिटं बघितलं आणि हात पुढे केला. "द्या तो चिमटा. तुमचं होईस्तोवर फूल म्हातारं होईल."

डॉक्टर ही गोष्ट स्वतःच सांगतात आणि प्रत्येक वेळी फुलं उघडण्याचा काकूंचा वेग थोडा वाढवतात. पण चिमटा त्या दिवसापासून काकूंकडे आहे हे खरं. वरचं टोक त्यांनी स्वतः घासून बारीक केलंय, आणि दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत.

अकरा वर्षांपूर्वी त्यांनी एक संकर केला. आई होती डोंगरावरचा एक जुना, उंच, लालसर टरफलाचा वाण. तो दाणे कमी द्यायचा, वाऱ्याने आडवा पडायचा, पण थंडीला भीक घालत नसे. बाप सपाटीवरचा, भरघोस पिकणारा आणि जरा गारवा आला की आजारी पडणारा. काकूंनी चौसष्ट फुलं उघडली. बी धरलं नऊ. त्या आठवड्यात केंद्राचा फ्रिज बंद होता, म्हणून ते नऊ दाणे त्यांनी रिकाम्या काडेपेटीत घालून घरी नेले आणि स्वयंपाकघरात वरच्या फळीवर ठेवले. त्यांचे यजमान बसच्या वर्कशॉपात मेकॅनिक. ते सकाळी चहा ठेवायला उठले आणि त्यांनी नेमकी तीच काडेपेटी उघडली.

"अगं, यात काड्या नाहीत, भात आहे!"

"किती आहेत? मोज आधी!" काकू अंथरुणातून ओरडल्या.

नऊच होते. "काडी ओढायच्या आधी मोजणी करणारं घर दुसरं नसेल," असं यजमान अजून म्हणतात.

त्या नऊ दाण्यांच्या पुढच्या पिढ्यांत हजारो रोपं झाली आणि दर वर्षी बहुतेक टाकून द्यावी लागली. कुणी आडवं पडलं, कुणी रोगाला बळी पडलं, कुणी सपाटीवर रुसलं. शेवटी एक ओळ उरली, तिचा नंबर एकशे बेचाळीस. अजून नाव नव्हतं. नाव निवड समिती देते, आणि समितीला तिन्ही शेतांचे तीन वर्षांचे आकडे लागतात.

खालच्या शेतात एकशे बेचाळीस तिन्ही वर्षं उत्तम आला. आमच्या गार पाण्यातही टिकला. डोंगरावर मात्र आधीची दोन वर्षं थंडीच पडली नव्हती, त्यामुळे तिथली खरी परीक्षा झालीच नव्हती. तिसरं वर्ष शेवटचं. ते काकूंच्या नोकरीचंही शेवटचं वर्ष होतं. समितीची बैठक सुगीनंतर आणि काकूंची निवृत्ती बैठकीनंतर बारा दिवसांनी. आपल्या हाताने उघडलेल्या फुलातून आलेला वाण नाव घेऊन बाहेर पडलेला बघायचा, एवढंच त्यांना हवं होतं. हे त्या कुणाला बोलल्या नव्हत्या, पण केंद्रात झाडूवाल्यापासून डॉक्टरांपर्यंत सगळ्यांना माहीत होतं.

आणि त्या वर्षी डोंगरावर थंडी पडली. पोटरीच्या बरोबर मध्यावर, सलग पाच रात्री, अकरा-बारा अंश. तिथल्या यंत्राची नोंद आली तेव्हा मी आनंदाने टाळी वाजवली. पीक गारठलं म्हणून टाळी वाजवणारे लोक फक्त आमच्या धंद्यात सापडतील.

डोंगरावरच्या शेताची राखण काकूंचा धाकटा भाऊ करतो. त्याने प्रत्येक ओळ बुडापासून कापून, खोडासकट पेंढ्या बांधून, लेबलं लावून पाठवली. मोजणीची खोली म्हणजे पत्र्याचं छप्पर, उत्तरेची मोठी खिडकी, लांब टेबल आणि त्यावर पांढऱ्या थाळ्या. एका थाळीत भरलेले दाणे, दुसरीत पोचट. काकू लोंबी डाव्या हातात धरतात आणि उजव्या अंगठ्याच्या नखाने एकेक दाणा दाबत जातात. थाळ्यांमधून टिकटिक आवाज येत राहतो.

एकशे बेचाळीसचा आकडा निघाला, शंभरात अठ्ठ्याऐंशी भरलेले.

मी धावत जाऊन डॉक्टरांना सांगितलं. डॉक्टरांनी सगळ्यांसाठी चहा मागवला. कुणीतरी काकूंना विचारलं, "आता बारशाला काय नाव ठेवायचं?" काकू हसल्या आणि पुढची पेंढी ओढली. ती राजकुमाराची होती.

राजकुमार हा आमचा मुद्दाम लावलेला नाजूक वाण. प्रत्येक चाचणीत तो एका ओळीत असतो. त्याने नापास व्हायचं असतं. तो पोचट निघाला म्हणजे थंडी खरोखर लागली, चाचणी खरी झाली.

काकूंनी राजकुमाराच्या तीन लोंब्या मोजल्या. मग आणखी दोन. मग नखाचा आवाज थांबला.

"एक्याऐंशी," त्या म्हणाल्या.

"पोचट?"

"भरलेले."

मी पटकन म्हणाले, "लेबल बदललं असेल, काकू. वाहतुकीत होतं असं."

"लेबलं मीच लिहून दिली होती. आणि राजकुमार मी अंधारात हात लावून ओळखेन. याच्या दाण्याला पुढे टोकदार नाक आहे."

"मग एवढी एक ओळ बाजूला ठेवू. तळाला टीप लिहिता येईल."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. पारा चढला नव्हता, आणि तेच जास्त वाईट वाटलं. त्यांनी राजकुमाराची पेंढी खिडकीशी नेली आणि खोडं उजेडात फिरवली. खोडावर शेवाळाची हिरवट रेघ होती. खाचरात पाणी बरेच दिवस एका पातळीवर राहिलं की अशी रेघ उमटते. काकूंनी खोडाच्या बुडाला बोटं लावली. आमच्या चाचणीत पाणी चार बोटं ठेवतात. चार बोटांवर एक पुसट रेघ होती. तिच्या वर, वीतभर उंचीवर, दुसरी. चांगली ठळक.

मग त्यांनी एकशे बेचाळीसची पेंढी उचलली. तिच्यावरही तीच रेघ. सगळ्या पेंढ्यांवर तीच.

त्यांनी भावाला फोन लावला. हात भुशाने भरले होते म्हणून फोन टेबलावर ठेवून स्पीकर चालू केला.

"ताई! बोल, आकडा काय आला?"

"आधी तू सांग. त्या पाच थंडीच्या दिवसांत खाचरात पाणी किती होतं?"

"भरपूर! तू काळजीच करू नकोस."

"भरपूर म्हणजे किती रे?"

"वीतभर. रोज संध्याकाळी जाऊन बांधातल्या मोरीची पाणी अडवायची फळी वर चढवायचो. अगं, माझ्या अंगात दोन स्वेटर आणि त्या बिचाऱ्या भाताला चार बोटं पाणी? बघवेना मला. आजोबा काय करायचे विसरलीस का? थंडी पडली की पाणी वर!"

आजोबांचं बरोबर होतं. पोटरीच्या वेळी लोंबी खोडात खालीच, बुडाजवळ असते. वीतभर पाणी तिला पांघरुणासारखं झाकतं आणि गार हवेपासून वाचवतं. कुठल्याही शेतकऱ्याने हेच केलं असतं. फक्त आम्हाला पीक वाचवायचं नव्हतं. कोण स्वतःहून वाचतं ते बघायचं होतं.

"गाढवा," काकू म्हणाल्या, "परीक्षेच्या हॉलमध्ये शिरून सगळ्या पोरांना उत्तरं सांगून आलास."

"सगळ्यांना कुठे? तुझ्या एकशे बेचाळीससाठी केलं. बाकीचे फुकटात पास झाले." मग आवाज उतरवून, "ताई, काही चुकलं का? कागदावर चार बोटं लिहिलंय खरं, पण मला वाटलं ते रोजचं. थंडीचं वेगळं काही लिहिलं नव्हतं."

तो कागद मी लिहिला होता.

काकूंनी फोन ठेवला. खोलीत आम्ही दोघीच होतो. शेजारच्या खोलीत डॉक्टर समितीच्या फायली लावत होते आणि कपबशांचा आवाज येत होता. काकूंनी एकशे बेचाळीसच्या भरलेल्या दाण्यांची थाळी जवळ ओढली आणि त्यातून बोट फिरवलं. मग भुसा झटकून उठल्या.

"चल. डॉक्टर फाईल बांधतात ती गाठ मारून. सोडायला पुन्हा अर्धा तास लागेल."

डॉक्टरांनी दोन्ही पेंढ्या बघितल्या, रेघा बघितल्या आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"डोंगरावरचं सगळंच बाद," ते म्हणाले. "काकू, एक वर्ष जाईल."

"जाईल."

"तुमचं हे शेवटचं वर्ष आहे. दोन वर्षांचे आकडे, टाकीतले आकडे, खालचं शेत, एवढ्यावर समितीला विनंती करून बघता येईल. एकशे बेचाळीस चांगलाच आहे, तुम्हालाही माहीत आहे."

"मला माहीत आहे म्हणूनच घाई नाही. चांगला असेल तर पुढच्या वर्षीही चांगलाच असेल. तुम्ही त्याला आज नाव द्याल, डोंगरावरचे लोक लावतील, थंडी पडेल, आणि पोचट निघाला तर? ते काय दर वर्षी पाणी चढवायला माझ्या भावाला बोलावणार आहेत?"

डॉक्टर हसले. मग माझ्याकडे वळले. "सूचनांचा कागद कुणी लिहिला होता?"

मी हात वर केला.

"नवा लिही. आणि नुसतं काय करायचं ते लिहू नकोस, का करायचं तेही लिही. राखणदाराला कारण सांगितलं नाही तर तो स्वतःचं कारण वापरतो. त्याचं कारण आपल्यापेक्षा चांगलं होतं, ही त्याची चूक नाही."

बैठकीत एकशे बेचाळीस एका वर्षासाठी थांबला. बारा दिवसांनी काकू निवृत्त झाल्या. निरोपाच्या कार्यक्रमात त्यांनी भाषण केलं नाही. हार काढून ठेवला आणि टाकीचं पाणी बघायला गेल्या. चिमटा मात्र घरी घेऊन गेल्या. यादीत तो केंद्राच्या मालकीचा आहे. डॉक्टरांनी यादीतला तो नंबर खोडला आणि पुढे सही केली.

पुढच्या वर्षी पोटरीचे दिवस जवळ आले तशा काकू डोंगरावर भावाकडे राहायला गेल्या. केंद्राच्या वतीने नाही, ताई म्हणून. मी नवा कागद घेऊन वर गेले. दोन पानांचा होता. भावाने तो सगळा वाचला आणि घडी करून खिशात ठेवला.

"समजलं," तो म्हणाला. "म्हणजे मी निर्दय व्हायचं."

"पाच दिवस," काकू म्हणाल्या. "नंतर तुझं मन मोठं कर."

तिसऱ्या दिवशी वारा फिरला. दुपारीच हात खिशाबाहेर काढवेनात. भाऊ संध्याकाळी मोरीजवळ घुटमळायला लागला. बांधावर उलट्या ठेवलेल्या बादलीवर काकू बसल्या होत्या, कानटोपी घालून, मोरीच्या फळीवर एक पाय ठेवून.

"ताई, दोनच बोटं."

"एकही नाही."

"अगं, त्या राजकुमाराकडे बघ तरी. कसा उभा आहे बिचारा."

"त्याला त्यासाठीच लावलाय. तू घरात जा. तुला बघवत नसेल तर पाठ करून बस."

तो खरोखर खाचराकडे पाठ करून बसला. मला हसू आलं, पण मी त्याच्याकडे बघितलं तेव्हा तो हसत नव्हता. काकूंनी बाही सरकवून हात पाण्यात घातला. "सोळा," त्या म्हणाल्या. मी थर्मामीटर काढलंच नाही.

थंडी चार दिवस राहिली. पाणी चार बोटंच राहिलं. या वेळी बांधापलीकडे भावाचं स्वतःचं एक लहान खाचर होतं. तिथे त्याने राजकुमारच लावला होता आणि मनासारखं वीतभर पाणी चढवलं होतं. ही जोडी शेजारी-शेजारी लावायची कल्पना डॉक्टरांची. त्याच्या खाचरातले आकडे पुढे शेतकऱ्यांच्या माहितीपत्रकात छापले गेले, 'थंडीच्या दिवसांत पाणी वाढवा' या मथळ्याखाली. ते पत्रक भावाने दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलंय आणि येईल त्याला दार लावून दाखवतो.

सुगीच्या दिवशी काकूंना पेंढ्या खाली केंद्रात जाईपर्यंत धीर नव्हता. त्यांनी भावाच्या अंगणात खाट ओढली, दोन थाळ्या घेतल्या आणि आधी राजकुमाराची लोंबी उचलली. नख दाबलं. पोचट. पोचट. पोचट. एक भरलेला. पुन्हा पोचट.

"गेला!" त्या ओरडल्या, एखाद्याच्या घरी मुलगा पास झाल्यावर ओरडतात तशा. "पोरी, लिही. शंभरात तेरा!"

मग एकशे बेचाळीस. भाऊ थाळीवर इतका वाकला होता की काकूंनी त्याला कोपराने मागे सारलं. टिकटिक चालू राहिली. वीस लोंब्या झाल्या तेव्हा मी बेरीज केली, एकदा, आणि खात्रीसाठी दुसऱ्यांदा.

"त्र्याहत्तर," मी म्हणाले.

काकूंनी डोळे मिटले, टाकीत हात घातल्यावर मिटायच्या तसे. मग उघडले आणि बाही खाली ओढली.

"डॉक्टरांना फोन लाव. म्हणावं, फाईल बांधा. आता घट्ट बांधली तरी चालेल."

"पण गेल्या वर्षी अठ्ठ्याऐंशी होते ना?" भावाने विचारलं. "हे कमी नाहीत का झाले?"

"गेल्या वर्षीचे तुझे होते. हे त्याचे आहेत." त्यांनी राजकुमाराच्या पोचट दाण्यांची थाळी त्याच्या हातात दिली. "हे घे, कोंबड्यांना टाक."

त्याने अंगणात थाळी उपडी केली. कोंबड्या धावत आल्या, दोन-चार चोची मारल्या आणि तोंड फिरवून निघून गेल्या.